मूळ रूपातील जुनी गाडी कशी जपावी : बेळगाव सीमाभागातील नव्या मालकासाठी

निपाणीच्या एखाद्या बंद पडलेल्या तंबाखूच्या वखारीत, खानापूरकडच्या घराच्या पडवीत किंवा बेळगावात कॅम्पातल्या बंगल्यामागच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे उभी असलेली फियाट किंवा अँबेसेडर अजूनही अधूनमधून विक्रीला निघते. घेणाऱ्याच्या मनातला बेत बहुधा ठरलेला असतो : गाडी टोचन करून आणायची, डेंटिंग-पेंटिंग करून घ्यायचे, सीटला नवे रेक्झिन चढवायचे आणि दसऱ्याला हार घालून बाहेर काढायची. आपल्या हाती आलेल्या गाडीवर कारखान्यात लागलेला रंग, कारखान्यातली शिलाई आणि कारखान्यातले नटबोल्ट बऱ्याच अंशी शिल्लक असतील, तर हा बेत निदान वर्षभर बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण साधे आहे. फियाटच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बसलेला रंग एकदा खरवडून काढला की तो कोणत्याही पेंटरला परत आणता येत नाही. उलट गाडी नव्याने रंगवण्याचे काम पाच वर्षांनीही करता येते. ज्या कामातून मागे फिरता येत नाही ते सर्वांत शेवटी करायचे, या एका नियमावर पुढचा सगळा क्रम आधारलेला आहे. ऐतिहासिक वाहनांच्या क्लबांची जागतिक संघटना असलेल्या ‘फिव्हा’ने २०१२ साली मंजूर केलेल्या ट्युरिन सनदेतही हाच विचार आहे : शक्य तितके जतन करावे, हस्तक्षेप कमीत कमी करावा, केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवावी आणि बदललेला भाग नंतर ओळखता येईल अशी खूण त्यावर करावी. या नियमाला ब्रेक, टायर, पेट्रोलच्या नळ्या, वायरिंग आणि भार पेलणाऱ्या जागांचा कुजलेला पत्रा एवढेच अपवाद आहेत, कारण तिथे जुनेपण जपताना माणसाचा जीव जाऊ शकतो.

या भागात सापडणाऱ्या गाड्या ठरावीक आहेत. १९५०च्या दशकातील गोलमटोल फियाट ११००, म्हणजे लोकांच्या तोंडची डुक्कर फियाट. १९६४ पासूनची डिलाइट. तीच गाडी थोड्या फरकाने १९७२ नंतर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. हिंदुस्तान मोटर्सची लँडमास्टर, तिच्यामागून १९५०च्या दशकाअखेरीस आलेली अँबेसेडर, मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड आणि महिंद्राच्या जुन्या जीप याही दिसतात. पुढील सूचना प्रामुख्याने फियाट आणि अँबेसेडर डोळ्यांपुढे ठेवून दिल्या आहेत. इतर गाड्यांना त्या थोड्या फेरफाराने लागू पडतील.

धुण्याआधीची नोंद

गाडी दारात आली की तिच्यावर पाण्याची नळी सोडण्याचा मोह आवरावा. धुळीच्या थरातही माहिती असते : पाणी कोणत्या बीडिंगमधून (काचा-दारांभोवतीच्या रबरी पट्टीतून) आत झिरपले, कोणत्या चाकाजवळ तेल गळले, उंदीर कोणत्या वाटेने आत शिरले, हे त्या थरावरच्या खुणांतून कळते आणि एका धुण्यात ते सारे पुसले जाते. म्हणून सकाळच्या तिरप्या उजेडात गाडीचे चारी बाजूंनी, वरून, खालून, बोनट उघडून, डिकी उघडून आणि प्रत्येक दार उघडून फोटो काढावेत. चासी नंबर आणि इंजिन नंबर जवळून टिपावेत आणि आरसी बुकातल्या नंबरांशी अक्षर-अक्षर ताडून पाहावेत. काचेच्या कोपऱ्यातले शिक्के, बोल्टच्या डोक्यावरच्या खुणा, पाइपांचे क्लिप, वायरींचे रंग आणि त्यांच्या वळणाच्या वाटा यांचेही फोटो हवेत. पुढे सहा महिन्यांनी ‘ही वायर आतून गेली होती की बाहेरून’ असा प्रश्न पडतो, तेव्हा हेच फोटो कामी येतात.

त्यानंतर सीटखालच्या, पायदाणाखालच्या आणि ग्लव्ह बॉक्समधल्या वस्तू एकेक करून काढाव्यात आणि त्यातली कोणतीही फेकू नये. पेट्रोल पंपाची पिवळी पडलेली पावती, जुन्या विम्याचा कागद, दाराच्या चौकटीवर चिकटवलेले तेल बदलल्याचे स्टिकर या गोष्टी वरवर क्षुल्लक वाटतात. पण त्या स्टिकरवर तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असतील, तर मीटरवरचा आकडा खरा आहे की मीटर एकदा फिरून पुन्हा शून्यापासून सुरू झाला आहे, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. जॅक, हँडल, पान्यांची पिशवी आणि स्टेपनी या वस्तू विक्रीच्या वेळी हमखास मागे राहतात. आधीच्या मालकाच्या घरच्या माळ्यावर त्या आहेत का, हे व्यवहार ताजा असतानाच विचारावे. त्याच बैठकीत घरातल्या वडीलधाऱ्यांकडून गाडीचा इतिहासही विचारून घ्यावा : कोणी घेतली, कुठून घेतली, कधी ठोकली, कोणता दरवाजा पुन्हा रंगवला. आजोबांची आठवण चुकीची असू शकते, तरी ती लिहून ठेवावी आणि मग पत्र्यावर पडताळून पाहावी.

मूळ रंग किती उरला आहे हे पाहायला फार साधने लागत नाहीत. डॅशबोर्डच्या खालची बाजू, स्टेपनीखालचा पत्रा, दारांच्या चौकटी आणि बोनटची आतली कड इथला रंग सहसा दुसऱ्या हाताचा नसतो. बाहेरचा रंग त्याच्याशी जुळतो का ते पाहावे. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून हलकेच फिरवले, तर जिथे लांबी (पुट्टी) भरलेली असेल तिथे त्याची पकड सुटते. चाकांवरच्या कमानी, दारांखालचे पट्टे आणि पुढच्या दिव्यांभोवतीचा भाग या जागा आधी तपासाव्यात. एखादे मडगार्ड पूर्वी रंगवलेले निघाले म्हणून गाडी ‘मूळ’ राहिली नाही असे समजण्याचे कारण नाही. कोणता भाग कारखान्याचा आणि कोणता नंतरचा, याचा नकाशा वहीत काढून ठेवला म्हणजे झाले.

कागदपत्रे आणि जुना नंबर

सीमाभागात कागदपत्रांचा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा गुंतागुंतीचा असतो, कारण गाडी कोल्हापूर, सांगली किंवा गोव्यात नोंदलेली आणि घेणारा बेळगाव, खानापूर किंवा चिकोडीचा, असे सर्रास घडते. शिवाय १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यानंतर म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. त्यामुळे जुन्या गाडीच्या नंबरावरूनही ती कोणत्या काळात कुठे नोंदली गेली ते समजते. असा जुना नंबर हा गाडीचाच भाग मानावा.

परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात ठेवायची असेल, तर मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी आणून इथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि साध्या मार्गाने गेल्यास केए २२ किंवा केए २३चा नवा नंबर मिळतो. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. नोंदणीकृत मालक हयात नसेल तर वारसाने फॉर्म ३१ भरावा लागतो. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे तिसरे प्रकरण सर्वांत जास्त आढळते, म्हणून पैसे देण्यापूर्वी सर्व वारसांच्या सह्या होऊ शकतात का याची खात्री करून घ्यावी. भावाभावांत वाटणीचा वाद असलेली गाडी कितीही देखणी असली तरी घेऊ नये.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद करण्यात आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी या व्याख्येत बसते. आधीच नोंदणी असलेल्या अशा गाडीला तिचा जुना नंबर ठेवण्याची मुभा आहे, तर नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत दहा वर्षांची आहे. १९७४ साली रस्त्यावर आलेली पद्मिनी २०२४ मध्येच पन्नाशीला पोहोचली, हे इथे लक्षात घ्यावे. मात्र या नोंदणीखाली गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. रविवारी आंबोलीला जाण्यासाठी गाडी हवी असेल, तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागणारी साधी नोंदणीच सोयीची ठरेल. यातला कोणता मार्ग घ्यायचा ते एनओसीसाठी अर्ज करण्यापूर्वीच ठरवावे आणि आरटीओत प्रत्यक्ष विचारून घ्यावे, कारण एकदा नवा नंबर लागला की जुना परत मिळवणे दुरापास्त होते.

इंजिन जागे करताना

बरीच वर्षे उभी असलेली गाडी ढकलून किंवा ट्रॅक्टरने ओढून सुरू करण्याचा प्रकार खेड्यापाड्यांत अजून चालतो आणि त्यात चांगली इंजिने कायमची बाद होतात. अडकलेला व्हॉल्व्ह, सिलिंडरला चिकटलेल्या पिस्टनच्या रिंगा किंवा ओलीमुळे फ्लायव्हीलला धरून बसलेली क्लच प्लेट यांवर अचानक जोर आला की काहीतरी मोडणारच. त्याऐवजी सावकाश जावे.

प्रथम बॅटरी सोडवावी. ब्रिटिश बनावटीवर आधारलेल्या लँडमास्टरसारख्या जुन्या गाड्यांत धन टोक बॉडीला जोडलेले असते, त्यामुळे नवी बॅटरी सवयीने उलटी जोडली जाण्याचा धोका असतो. जुन्या जोडणीचा फोटो इथेच उपयोगी पडतो. मग ऑइलची काडी ओढून पाहावी. ऑइल दुधट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे आणि हेड गॅस्केटची शंका घेतली पाहिजे. ऑइल चांगले दिसले तरी ते काढून टाकावे आणि तळाशी काय साचले आहे ते पाहावे. त्यात पितळी किंवा चंदेरी कण चमकत असतील तर पुढे जाण्यापूर्वी जाणत्या मेस्त्रीला दाखवावे.

नंतर प्लगच्या वायरींवर क्रमांक टाकून प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे आणि एक-दोन दिवस तसेच राहू द्यावे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या हँडलने इंजिन हाताने, अगदी थोडे थोडे फिरवून पाहावे. फिरले नाही तर पुन्हा ऑइल सोडून आणखी काही दिवस थांबावे. हँडलला पाइप लावून जोर वाढवणे हा उपाय नव्हे.

टाकीतले जुने पेट्रोल पूर्ण काढून टाकावे लागते. ते वॉर्निशसारखे चिकट झालेले असते आणि कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये घट्ट बसते. टाकी स्वच्छ आहे याची खात्री पटेपर्यंत लहान कॅनमधून तात्पुरती नळी जोडून पेट्रोल पुरवावे. कुंभारीण माशीने हवेच्या नळ्यांत, सायलेन्सरच्या तोंडात किंवा टाकीच्या श्वासनळीत मातीचे घर केलेले असते, ही खास आपल्याकडची अडचण आहे. वाकवलेली तार घालून प्रत्येक तोंड मोकळे आहे ना ते पाहावे.

रेडिएटरसाठी बोअरचे पाणी वापरू नये. अथणी, रायबागकडच्या बोअरच्या जड पाण्याने आतून क्षार बसतात. फियाटच्या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा असल्याने नुसत्या पाण्यात हेड खाल्ले जाते. डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक कूलंट यांचे मिश्रणच घालावे. आता ताजे ऑइल भरून, प्लग न लावता, स्टार्टरने थोडे थोडे थांबत इंजिन फिरवावे. ऑइल प्रेशरचा दिवा विझला किंवा काटा हलला की वरपर्यंत ऑइल पोहोचले असे समजावे आणि त्यानंतरच प्लग लावून, मोकळ्या जागेत, आग विझवण्याचा सिलिंडर हाताशी ठेवून इंजिन सुरू करावे. आत वर्षानुवर्षे साचलेली मळी ताज्या ऑइलने सुटते, म्हणून हे पहिले ऑइल थोडक्या किलोमीटरनंतरच पुन्हा बदलावे.

पेट्रोलविषयी दोन गोष्टी सांगायला हव्यात. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जुन्या बिडाच्या हेडमधल्या व्हॉल्व्हच्या बैठका त्यामुळे झिजू शकतात, पण सावकाश चालणाऱ्या गाडीत ही झीज संथ असते आणि टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचे) अंतर वेळोवेळी तपासले की ती लक्षात येते. तेवढ्यासाठी इंजिन उघडू नये. इथेनॉलचा त्रास मात्र खरा आहे. आपल्याच भागातल्या उसापासून, आपल्याच कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत तयार झालेले इथेनॉल आज पंपावर वीस टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. ते हवेतली ओल ओढून घेते, जुने रबर आणि बुचाचे गॅस्केट फुगवते आणि टाकीला आतून गंज चढवते. म्हणून पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीचे बसवावेत आणि गाडी महिनाभराहून अधिक काळ उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत.

जिथे हळवेपणा चालत नाही

ब्रेकच्या बाबतीत मेस्त्री ‘लागतात की चांगले’ म्हणाला तरी विश्वास ठेवू नये. चारही ड्रम उघडून सिलिंडरमधली रबरे बदलावीत, होस पाइप नवे घालावेत, गंजलेल्या लोखंडी नळ्या बदलाव्यात आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी नवे भरावे, कारण तेही ओल शोषते. ब्रेक ऑइलचा एक थेंब जुन्या रंगावर पडला तर रंग उकलतो. काम करताना मडगार्डवर जाड कापड आणि हाताशी पाण्याची बादली असावी. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ड्रममधली धूळ हवेच्या प्रेशरने कधीही उडवू नये, मास्क लावून ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. मास्टर सिलिंडर आतून खड्डे पडून खराब झाला असेल, तर नवा घेण्याऐवजी त्याच्यात स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, बसवता येते का ते उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये विचारावे. सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचे गाव असल्याचा हा फायदा बेळगावकराने घेतलाच पाहिजे. बाहेरून सिलिंडर कारखान्याचाच राहतो आणि आतून तो भरवशाचा होतो.

टायरवर नक्षी शाबूत दिसली तरी दहा वर्षांहून जुना टायर रस्त्यावर नेऊ नये. पद्मिनीला ५.२०-१४ आणि अँबेसेडरला ५.९०-१५ हे जुने माप आहे. त्याच मापाचे किंवा त्याला जुळणारे टायर चारही चाकांना एकाच प्रकारचे घालावेत, रेडियल आणि जुन्या पद्धतीचे टायर एकत्र करू नयेत. स्टेपनीवर कारखान्यातला टायर असेल तर तो डिकीत तसाच राहू द्यावा.

वायरिंग जागोजागी कडक होऊन तडकलेले असते. पूर्ण नवा हार्नेस (वायरींचा जुडगा) घालण्याची घाई न करता आधी बॅटरीला मुख्य स्विच बसवावा, गाडी उभी करताना तो बंद करण्याची सवय लावावी आणि जिथे तांबे उघडे पडले आहे तेवढाच तुकडा त्याच रंगाच्या वायरने बदलावा. दिवे मंद वाटत असतील तर दडवलेली रिले (दिव्यांना बॅटरीतून थेट वीज देणारा स्विच) लावता येते. ती उद्या काढलीही जाते.

रंग, पत्रा आणि गंज

या भागावर मी अधिक वेळ घेणार आहे, कारण जुन्या गाड्यांचे सर्वांत जास्त नुकसान इथेच, तेही प्रेमापोटी होते. कोरडी धूळ फडक्याने पुसणे म्हणजे रंगावर वाळू घासणे होय. खानापूरकडची तांबडी माती आणि अथणीकडची काळी माती या दोन्हींची भुकटी बारीक आणि चिवट असते. आधी मऊ ब्रशने व व्हॅक्यूमने जेवढी निघेल तेवढी काढावी, मग हलक्या धारेने भिजवावी आणि कार शाम्पूने, दोन वेगळ्या बादल्या घेऊन, वरून खाली धुवावे. कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण आणि वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप यांना मज्जाव असावा. प्रेशरचे पाणी जुन्या बीडिंगमधून आत जाते आणि सुटू पाहणाऱ्या रंगाचे पापुद्रे उडवते.

पॉलिश करण्यापूर्वी चाचणी घ्यावी. डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेला पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा निवडावी आणि पांढऱ्या सुती कापडावर पॉलिशचा थेंब घेऊन ते तिच्यावर दोन-तीन वेळा हलक्या हाताने फिरवावे. कापडाला गाडीचा रंग लागला तर वर पारदर्शक क्लिअर कोट नाही, हा जुन्या पद्धतीचा सरळ रंग आहे, आणि दर घासणीला तोच पातळ होत चालला आहे असे समजावे. रबिंग कंपाउंड आणि मशीन अशा रंगाला लावू नये. धार नसलेले, तेलकट ग्लेझ हाताने चोळून रात्रभर मुरू दिले की विटलेला रंग बराच उजळतो. त्यावर सिलिकॉन नसलेल्या मेणाचा पातळ थर द्यावा. बोनटच्या कडेला किंवा मडगार्डच्या धारेवर खालचा प्रायमर डोकावू लागला की तिथे हात थांबवावा. त्या जागी फिकटपणा राहील, पण तो पन्नास वर्षांच्या हातांनी आलेला फिकटपणा आहे आणि जाणकार मंडळी नेमके तेच पाहायला येतात.

गंजाकडे पाहताना तो चालता आहे की थांबलेला, हे आधी ठरवावे. वरवरचा, कोरडा, तपकिरी गंज पातळ तेल किंवा मेण लावून वर्षानुवर्षे जागच्या जागी ठेवता येतो. गंज काळा करणारी रसायने झटपट काम करतात, पण त्यांचा डाग जात नाही, म्हणून ती दृष्टीआडच्या जागीच वापरावीत. खरा शत्रू आतून खाणारा गंज आहे आणि त्याची सुरुवात बहुतेक वेळा दारांपासून होते. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. काचेच्या फटीतून आत गेलेली माती आणि पालापाचोळा यांचा तिथे गारा होतो, भोक बुजते आणि पावसाचे पाणी दारातच साचून राहते. बांबूची पातळ काडी त्या भोकात घालून हळूच फिरवावी. तांबड्या मातीची एक वात बाहेर येते आणि कधी कधी तिच्यामागून पाण्याची धारच लागते. सर्व भोके अशी मोकळी केल्यावर, उन्हाळ्यात दार पूर्ण कोरडे झाले की आतून पोकळीत फवारायचे मेण मारावे. दारांखालच्या पोकळ पट्ट्यांनाही तेच करावे.

गाडीच्या तळाला डांबरी किंवा रबरी कोटिंग मारून देण्याचा आग्रह जवळपास प्रत्येक गॅरेजात होतो. जुन्या पत्र्यावर ते मारू नये. कालांतराने त्याला भेग पडते, ओल आत अडकते आणि वरून काळे तुकतुकीत दिसणाऱ्या थराखाली पत्रा कुजत राहतो. त्यापेक्षा तळ स्वच्छ ठेवून मेणाचा पारदर्शक थर दिला तर आत काय चालले आहे ते निदान दिसत राहते. क्रोमसाठी पाण्यात बुडवलेला ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पुरतो; तारेची घासणी लावू नये.

आतील बाजू

सीट, छताचे कापड आणि दारांचे पॅड यांची शिलाई मूळ असेल तर फाटके रेक्झिनही ठेवावे. सीटमध्ये काथ्या किंवा कापूस भरलेला असतो, त्यामुळे फेस करून धुणे टाळावे. आतली ओल आठवडेच्या आठवडे जात नाही. व्हॅक्यूमच्या तोंडावर बारीक जाळी बांधून धूळ ओढावी, म्हणजे सुटा धागा आत जात नाही. फाटलेल्या जागी खालून कापडाचा तुकडा सरकवून हाताने टाके घालावेत. वरून पूर्ण कव्हर हवेच असेल तर ते बांधून बसणारे शिवावे. डॅशबोर्डवर चमक आणणारे सिलिकॉनचे स्प्रे लावू नयेत आणि नवा म्युझिक सिस्टम बसवण्यासाठी पत्रा तर मुळीच कापू नये.

पावसाळ्यातील मुक्काम

एकाच जिल्ह्यात कणकुंबी-जांबोटीचा धो धो पाऊस आणि अथणीचा कोरडेपणा अशी दोन टोके असल्याने गाडी कुठे ठेवता येईल याला इथे फार महत्त्व आहे. खानापूर किंवा बेळगावच्या पश्चिमेला घर असेल आणि पूर्वेकडे नातेवाइकांकडे पक्की शेड असेल, तर पावसाळ्याचे चार महिने गाडी तिकडे ठेवण्याचा विचार जरूर करावा. ते शक्य नसेल तर शेडमध्ये आर्द्रता मोजण्याचे लहान यंत्र लावावे. आकडा साठ टक्क्यांच्या वर टिकून राहिला की लोखंड गंजू लागते आणि जुलैमध्ये आपल्याकडे तो त्याहून बराच वर असतो.

जांभ्या दगडाच्या भिंती ओल धरतात, शहाबादी फरशीला घाम सुटतो आणि सारवलेल्या जमिनीतून वाफ वर येतच राहते. म्हणून गाडीखाली जाड प्लास्टिकचा कागद पसरून त्यावर लाकडी फळ्या टाकाव्यात आणि गाडी त्यावर उभी करावी. गाडीवर मात्र प्लास्टिक किंवा ताडपत्री नको; सैल सुती आच्छादन घालावे आणि उघडीप मिळाली की तेही काढून दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. गाडी गोठ्यालगत ठेवू नये, कारण शेणामुताच्या अमोनियाने पितळी भागांना तडे जातात आणि क्रोम डागाळते. रासायनिक खताची पोतीही त्याच शेडमध्ये रचू नयेत.

ऊस तुटला की शिवारातले उंदीर घराकडे वळतात. सायलेन्सरचे तोंड आणि हवेची वाट तारेच्या जाळीने बंद करावी आणि त्याची आठवण म्हणून स्टेअरिंगला चिठ्ठी बांधावी. विष मात्र टाकू नये, कारण मेलेला उंदीर छताच्या कापडात सापडला तर छत फाडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. डांबराच्या गोळ्यांचा वास जुन्या रेक्झिनला कायमचा धरतो, म्हणून त्याही आत ठेवू नयेत. बुरशी आलीच तर कोरड्या दिवशी गाडी बाहेर काढून, मास्क लावून, मऊ ब्रशने झाडावी.

दर आठवड्याला पाच मिनिटे इंजिन चालवून बंद करण्याची सवय चांगल्या हेतूची पण घातक आहे. तेवढ्या वेळात इंजिन पुरते तापत नाही आणि ऑइलमध्ये व सायलेन्सरमध्ये पाणी साचते. न्यायचीच असेल तर उघडिपीच्या दिवशी निदान अर्धा तास रस्त्यावर न्यावी, नाहीतर उभीच ठेवून आठ-पंधरा दिवसांनी हाताने थोडी पुढे-मागे सरकवावी. वंटमुरी किंवा चोर्ला घाटात उतरताना ड्रम ब्रेक तापून मऊ पडतात, त्यामुळे ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये गाडी उतरवावी.

मेस्त्री, जुने भाग आणि वेल्डिंग

जुन्या गाड्यांवर हात बसलेले मेस्त्री या भागात अजून आहेत आणि त्यांच्याशिवाय हे काम होत नाही. त्यांची कामाची रीत मात्र उलटी असते. ‘साहेब, आता खोललंच आहे तर सगळंच नवं करून टाकूया,’ हे वाक्य प्रत्येक मालकाला ऐकावे लागते. ‘मामा, जेवढं सांगितलंय तेवढंच, आणि जुना माल पिशवीत घालून परत द्या,’ एवढे उत्तर नम्रपणे पण दर वेळी द्यावे. काम सुरू होण्याआधी ते कागदावर लिहून द्यावे आणि रंगाच्या कामाला स्वतः हजर राहावे. काढलेला प्रत्येक भाग तेलाचा हात फिरवून, तारीख, किलोमीटर आणि कारण लिहिलेली चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावा. तुटका हेडलॅम्पही टाकू नये. पुढे-मागे त्याच्या कड्यावरून नवा जुळवता येतो.

एका ठिकाणी मात्र जतनाने माघार घ्यायलाच हवी. स्प्रिंगा व सस्पेन्शन जिथे अडकते त्या जागा, जॅक लावण्याच्या जागा आणि सीटचे बोल्ट बसतात तो तळ इथे पत्रा कुजला असेल, तर त्यावर मेण लावून समाधान मानणे धोक्याचे आहे. छोट्या हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावे. आवाज बद्द आला किंवा पत्रा दबला तर वेल्डिंग करावे लागेल. बॅटरी काढावी, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवावी आणि कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंतच कापावा. मूळ पत्र्याच्या जाडीचाच तुकडा बसवून फक्त त्या तुकड्याला प्रायमर आणि रंग द्यावा. त्यासाठी शेजारचा पत्रा खरवडू देऊ नये. रंगाचा फरक दिसला तरी चालेल. तुकडा बसवण्यापूर्वी त्याच्या आतल्या बाजूला काम केल्याचे साल कोरून घ्यावे, कापलेल्या जुन्या पत्र्याचा फोटो काढावा आणि दोन्हींची नोंद गाडीच्या वहीत त्याच दिवशी करावी.